बिस्किटांचा स्लॅब

"त्यात काय आहे एवढं?"

हे वाक्य मिस्त्रींच्या तोंडून निघालं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मिस्त्रींच्या तोंडून ते रोज निघायचं. कुणी नदीवर पूल बांधल्याची बातमी आली की निघायचं. शेजारणीनं अवघड बाहीचा झगा शिवला की निघायचं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, तेव्हाही निघालं होतं. एरवी ते हवेत विरून जायचं. त्या दुपारी सूनबाईनं ते झेललं.

मिस्त्री म्हणजे गवंडी. आता काम सोडलं होतं. खरं म्हणजे गुडघ्यांनी सोडायला लावलं होतं. पण हत्यारं अजून पलंगाखाली तेल लावून ठेवलेली होती, आणि नाव तेच राहिलं होतं. बायको सोडून सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. (बायको 'अहो' म्हणायची. पण ज्या सुरात म्हणायची, त्यापेक्षा मिस्त्री बरं.) राहतं घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. कुठल्याही भिंतीला ओळंबा लावा, केसाएवढा फरक सापडायचा नाही. त्या घरात वाकडी वस्तू एकच. स्वयंपाकघरातलं टेबल. त्याचा एक पाय आखूड होता आणि ते डुगडुगायचं.

"जगाची घरं पातळीत आणलीत," बायको म्हणायची, "माझं टेबल तेवढं राहिलं."

मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "ते सुताराचं काम आहे."

तर त्या दुपारी बायको घरात नव्हती. तिच्या बहिणीचा पाय मोडला होता, म्हणून ती तिकडे गेली होती. मुलगा बसचा ड्रायव्हर, तो लांबच्या फेरीला. सूनबाई दवाखान्यात नर्स. तिला अचानक दुपारच्या आणि रात्रीच्या अशा दोन्ही पाळ्यांचं बोलावणं आलं होतं. आणि नात दारात उभी राहून रडायच्या बेतात होती. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्येकानं घरी केलेलं काहीतरी गोड न्यायचं होतं.

"दुकानातनं आणू आणि डब्यात घालू," सूनबाई केसांना पिना लावता लावता म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"बाई ओळखतात!" भिंगरीचा आवाज चिरकला. "मागच्या वेळी एकीचं ओळखलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे घरचं नाही. मग तिचं कुणी खाल्लंच नाही."

"मग मी काय करू? दोन हात आहेत मला."

वर्तमानपत्राआडून आवाज आला. "घरात माणूस असताना दुकानाची पायरी कशाला चढायची? त्यात काय आहे एवढं?"

सूनबाई वळली. एक पीन तिच्या दातांत होती. ती तिनं काढली.

"करता का मग, बाबा?"

आता इथं शहाण्या माणसानं गुडघ्याचं नाव पुढं केलं असतं. मिस्त्रींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "करतो."

भिंगरीचं रडं थांबलं. आईच्या पाठीआडून तिनं आजोबांकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत.

ही गोष्ट लहान नव्हती. भिंगरी घरभर फिरायची, पण आजोबांच्या खुर्चीपाशी आली की वळून जायची. दोष तिचा नव्हता. मिस्त्रींचा आवाज असा की, 'जेवून घ्या रे' म्हटलं तरी मजुरांच्या हातातली घमेली पडायची. नातीनं त्यांच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पेन्सिलीला टोक करायचं असलं, तरी ती शेजारणीकडे जायची. मिस्त्रींनी यावर कधी शब्द काढला नव्हता. पण टोक करायला लागणारं पातं ते खिशात बाळगत होते. ही गोष्ट मात्र कुणाला माहीत नव्हती.

"खरंच कराल?" भिंगरीनं विचारलं.

"मिस्त्रींनी दिलेला शब्द आहे."

"मी बाईंना सांगू? आजोबांनी केलं म्हणून?"

"सांग."

"सगळ्या वर्गाला?"

"सांग, सांग."

सूनबाईनं बूट चढवता चढवता कृती सांगितली. "एकदम सोपं आहे, बाबा. लोणी आणि साखर मंद आचेवर ठेवा. साखर विरघळली की लगेच उतरवा. लगेच हं. त्यात कोको घाला, बिस्किटांचा चुरा घाला, कालवा. ताटाला लोण्याचा हात लावा आणि त्यात थापा. गार झालं की चौकोन कापा. झालं."

"प्रमाण?"

"अंदाजानं."

मिस्त्रींचा चेहरा कडक झाला. अंदाजानं! जन्मभर त्यांनी अंदाजानं काम करणाऱ्यांना कामावरून घालवलं होतं, आणि आज घरचीच सून अंदाज सांगत होती. पण ती घाईत होती, म्हणून सोडून दिलं.

"आणि हिला संध्याकाळी दूध प्यायला लावा," सूनबाई दारातून ओरडली. "समोर बसून! नाहीतर ही ओतते कुठंतरी. मागं कुंडीत ओतत होती, तर झाड मेलं."

सूनबाई गेली.

"पहिलं काय करायचं?" भिंगरी दबकत म्हणाली.

"पहिलं हत्यार धुवायचं," मिस्त्री म्हणाले, आणि पलंगाखाली हात घातला.

थापी, गिलावा गुळगुळीत करायचा लाकडी रंधा, गुण्या आणि पाणसळ, सगळं गरम पाण्यानं आणि साबणानं घासलं गेलं. गुण्यानं कोपरा काटकोनात आहे का ते कळतं, आणि पाणसळीतल्या बुडबुड्यानं पातळी कळते. हे मिस्त्रींनी नातीला समजावून सांगितलं. मग ओट्यावर सामान मांडलं आणि त्याची ओळख करून दिली.

"हे बघ. बिस्किटं म्हणजे खडी. कोको म्हणजे वाळू. मग सिमेंट कुठलं?"

भिंगरीनं विचार केला. "साखर?"

"का?"

"कारण ती चिकटते."

मिस्त्रींनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीला डोकं होतं. आपल्या मुलाला हे कधी कळलं नव्हतं, म्हणून तो बस चालवत होता.

भिंगरीनं बिस्किटं लाटण्यानं कुटायला घेतली. अगदी पीठ होईपर्यंत कुटत होती, तोच मिस्त्रींनी हात धरला. "एवढी बारीक नको. खडी एकसारखी पाहिजे. चाळून घे." मग बिस्किटं चाळली गेली. जाड खडी परत कुटली गेली. भिंगरी मधूनच एखादा खडा तोंडात टाकत होती. मिस्त्रींना दिसत होतं. साईटवर असं कुणी केलं असतं, तर त्याची धडगत नव्हती. इथं त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

लोणी आणि साखर शेगडीवर चढली. थोड्या वेळानं साखर विरघळली. मिस्त्रींनी चमच्यानं थोडं वर उचललं आणि खाली सोडलं. ते पाण्यासारखं ओघळलं.

"पातळ आहे," मिस्त्री म्हणाले. "हे खडी धरायचं नाही."

"आई म्हणाली, लगेच उतरवा."

"आई नर्स आहे. सुई टोचायची असेल तेव्हा तिचं ऐकू."

भिंगरी खुदकन हसली. त्या घरात आजोबांच्या बोलण्यावर ती पहिल्यांदाच हसली होती. मिस्त्रींना ते हसू असं काही चढलं, की त्यांनी आच मोठी केली. मिश्रण उकळलं, फेसाळलं, मग विटेच्या रंगाचं झालं. चमचा उचलला की तार यायला लागली. तार लांबवली तरी तुटेना. मिस्त्रींनी मान डोलावली. आता कुठं माल झाला होता.

कोको पडला, खडी पडली. लाकडी चमचा फिरेना, म्हणून थापी घेतली. माल चौकोनी ताटात ओतला आणि मिस्त्रींनी खलबत्त्यातला बत्ता हातात घेतला.

"हा कशाला?"

"ठोकायला. आत हवा राहिली की पोकळी राहते. पोकळी राहिली की स्लॅब बसतो."

मग दोघांनी आळीपाळीनं ठोकलं. ताट ओट्यावर नाचत होतं. खिडकीतून शेजारीण डोकावली. ती शिवणकाम करायची. तिच्या गळ्यात टेप होता आणि चेहऱ्यावर काळजी.

"मिस्त्री, भिंत पाडताय का?"

"खाऊ करतोय."

शेजारणीनं बत्त्याकडे पाहिलं. "कुणाला मारायला?"

"तू तुझं मशीन चालव."

शेवटी मिस्त्रींनी वरून रंधा फिरवला. असा फिरवला, की त्या तपकिरी पृष्ठभागात भिंगरीला स्वतःचं नाक दिसायला लागलं. पाणसळ ठेवली. भिंगरीनं हनुवटी ओट्याला टेकवली. तिचं कोपर आजोबांच्या हाताला टेकलं होतं. बुडबुडा सरकला, थबकला आणि अगदी मध्ये येऊन बसला.

"बसला!" ती ओरडली.

मिस्त्रींचा गुडघा ठणकत होता. पण कोपर टेकलेलं होतं, म्हणून ते हलले नाहीत.

"आता काय करायचं, आजोबा?"

"आता वाट बघायची. आणि पाणी मारायचं. स्लॅब टाकला आणि झोपला, त्याचा स्लॅब तडकला. माल बसला की वरून पाणी पाजायचं. त्यानंच काम चांगलं होतं."

"याला पण?"

"कशालाही," मिस्त्री म्हणाले. (बोलण्याच्या भरात. माणूस आपल्या धंद्याबद्दल बोलायला लागला की त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही.)

ओटा रिकामा करायला त्यांनी ताट उचलून टेबलावर ठेवलं आणि वर स्वच्छ फडकं घातलं.

दिवस कलला. भिंगरी अंगणात खेळायला गेली, तेव्हा मिस्त्री चौकोन कापायला बसले. त्यांनी सुरी टेकवली आणि दाबली. सुरी घसरली. जोर लावला, तर सुरीची मूठ हातात आली आणि पातं तिथंच राहिलं. मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं स्लॅबवर वाजवून पाहिलं.

टण्.

मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ स्लॅब टाकले होते. इतका चांगला एकही उतरला नव्हता.

ते खुर्चीत बसले. उद्या वर्गात डबा उघडणार. बाई एक तुकडा उचलणार. कुणाचा तरी दुधाचा दात पडणार. आणि भिंगरी सगळ्यांना सांगून बसलेली असणार, की आजोबांनी केलं. परत ती खुर्चीपाशी येऊन वळून जाईल. हे शेवटचं मनात आलं आणि मिस्त्री उठले. तुटलेलं पातं बाजूला ठेवलं आणि स्लॅबवर परत फडकं घातलं.

"पाव आणायला जातोय," त्यांनी शेजारणीला खिडकीतून सांगितलं. "पोरीकडे लक्ष ठेव."

"तुम्ही? पाव?" शेजारीण म्हणाली. "बरं, जा. तिचं दूध राहिलंय ना? मी गरम करून देते."

आता खरं सांगायचं तर मिस्त्री पाव आणायला चालले नव्हते. दुकानाची पायरी कशाला चढायची, असं दुपारी म्हणालेला माणूस संध्याकाळी बेकरीची पायरी चढत होता. काचेच्या कपाटात चॉकलेटचे चौकोन ओळीनं मांडले होते. मऊ दिसत होते. मिस्त्रींनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज जमेल तेवढा खाली आणला आणि बोट पुढं केलं.

"मिस्त्री!" बेकरीवाला गरजला. "या, या! अहो, ऐकलं मी! तुमची सूनबाई दुपारी इथूनच गेली. सांगत होती, नातीच्या शाळेसाठी बाबा स्वतः खाऊ करतायत. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतोय, माणूस असावा तर असा! लोक येतात, माझ्याकडनं नेतात आणि घरचं म्हणून खपवतात. बोला, काय देऊ?"

दुकानातली सगळी माणसं कौतुकानं मिस्त्रींकडे बघत होती. मिस्त्रींचं बोट काचेकडे होतं. ते हळूहळू डावीकडे सरकलं.

"पाव," मिस्त्री म्हणाले.

घरी परतले तेव्हा भिंगरी झोपायला गेली होती. दुधाचा पेला ओट्यावर पालथा होता. शेजारीण म्हणाली, "गुणी पोर आहे हो. मी जरा गॅस पुसायला वळले, तर हिचा पेला रिकामा."

मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. ते मनातल्या मनात एक वाक्य घोटत होते. वाक्य छोटं होतं. 'माझं चुकलं.' पण ते तोंडाला बसलेलं नव्हतं. गवंड्याची चूक गिलाव्याखाली जाते, म्हणून त्याला हे वाक्य लागतच नाही. इथं गिलावा नव्हता.

सकाळी भिंगरी शाळेचे कपडे घालून, डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. मिस्त्री टेबलापाशी उभे होते. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी.

"भिंगरी, इकडे ये," ते म्हणाले. नेहमीसारखाच आवाज निघाला. भिंगरी दारातच थांबली. मिस्त्री खाकरले. "म्हणजे, ये ना, बाळ. तो स्लॅब... मला तुला सांगायचंय, की मा..."

"मला पण सांगायचंय," भिंगरी घाईघाईनं म्हणाली. "रागवाल?"

"नाही."

"मी पाणी मारलं."

"काय?"

"तुम्ही म्हणालात ना, पाणी मारलं नाही तर तडकतो. तुम्ही पाव आणायला गेलात, विसरलात. मग मीच मारलं. पण पाण्याला चव नसते ना, म्हणून दूध मारलं." ती थांबली. "माझं."

"किती?"

"सगळं. फडकं उचलून ओतलं आणि परत झाकलं. आईला सांगू नका."

मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली. फडकं उचललं. दुधाचा एक थेंब दिसत नव्हता. गरम दूध रात्रभरात स्लॅबनं पिऊन टाकलं होतं. मिस्त्रींनी बोटानं दाबलं. बोट आत गेलं. दुसरी सुरी आणली आणि टेकवली, तर ती लोण्यातून जावी तशी ताटाच्या बुडापर्यंत गेली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला.

मऊ होता. गोड होता. बिस्किटाचा बारीक खडा मध्येच दाताखाली यायचा आणि विरघळायचा.

मिस्त्री खुर्चीत बसले. इतका हलका वाटणारा श्वास त्यांनी पहिल्या घराच्या पहिल्या स्लॅबखालचे टेकू काढले तेव्हा सोडला होता.

"चांगलं झालं का, आजोबा?"

"पक्कं काम," मिस्त्री म्हणाले. "पाणी मारणारा माणूस चांगला मिळाला, की काम चांगलं होतं."

"तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"काही नाही. पेन्सिलीला टोक आहे का?"

"नाही."

"आण."

गुण्या लावून चौकोन कापले गेले. एकूण एक सारखे. फक्त एक कोपरा हट्टाला पेटला होता. टेबल डुगडुगतं, त्यामुळे दूध सगळं उताराला गेलं होतं आणि वरच्या अंगाचा कोपरा कोरडा राहिला होता. तिथं सुरी चालेना. मिस्त्रींनी शेवटी छिन्नी लावून एक घाव घातला. कोपरा अखंड निघाला. त्याचा कपचाही उडाला नाही.

दुपारी भिंगरी रिकामा डबा वाजवत आली. ती सरळ आजोबांच्या खुर्चीपाशी आली आणि वळली नाही.

"बाईंनी दोन घेतले! म्हणाल्या, हे नक्की घरचं आहे. नाव काय म्हणून विचारलं, मी सांगितलं, स्लॅब."

मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. "आणि?"

"बाईंना कृती पाहिजे. त्यांनी विचारलं, इतकं मऊ कसं केलं आजोबांनी?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजोबांना माहीत नाही."

संध्याकाळी झोप काढून उठल्यावर सूनबाईनं पहिला प्रश्न विचारला, "दूध प्यायली का काल?" भिंगरीनं आजोबांकडे पाहिलं. मिस्त्री वर्तमानपत्राआडून म्हणाले, "एक थेंब उरला नाही." (यात खोटं काही नव्हतं.)

बहिणीचा पाय जुळून आल्यावर बायको परत आली. आल्या आल्या तिनं सवयीनं पिशवी टेबलावर टेकवली आणि एक हात टेबल धरायला पुढं केला. टेबल हललं नाही. तिनं दाबून पाहिलं. हललं नाही. ती वाकली. आखूड पायाखाली पारदर्शक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक गुळगुळीत, तपकिरी, काटकोनी तुकडा बसवलेला होता.

"अहो," ती म्हणाली. आणि या वेळी सूर वेगळा होता. "हे कुणी केलं?"

"मी."

"दगड तर फार छान आहे. रंग बघा. कड बघा, कशी सरळ आहे ती." तिनं नखानं ठोकून पाहिलं. टण् वाजलं. "इतकी वर्षं सांगत होते. शेवटी एक काम धड केलंत."

लग्नाला इतकी वर्षं झाली. बायकोनं त्यांच्या कामाची केलेली ही पहिली स्तुती. भिंगरीनं तोंड उघडलं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मिटलं.

टेबल अजून पक्कं आहे. मुंग्या ओळीनं येतात, त्या दगडापाशी थांबतात, त्याला हुंगतात आणि वळसा घालून पुढं साखरेच्या डब्याकडे जातात.